खंडेनवमीची मोटर

गेल्या महिन्यात भास्करमामांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. भास्करमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती, ताटात दिवे लावून सुनांनी, लेकींनी, नातींनी त्यांना ओवाळलं, आणि जेवणं होत आल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात माइक देऊन म्हणालं, "आजोबा, तो धरणातला किस्सा सांगा ना." मामांनी घसा खाकरला. हा किस्सा मी त्यांच्या तोंडून लग्नांत ऐकलाय, मुंजींत ऐकलाय, माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणात ऐकलाय. "आमच्या शैलीने गाठ मारली," मामा म्हणाले, "आणि आमची मोटर झाली गंगार्पण!" हॉल हसला. माझा जावईसुद्धा हसला, त्या बिचाऱ्याला काय माहीत. आणि माझी आठ वर्षांची नात पानावरून वाकून मला विचारती झाली, "आजी, तुला गाठ मारता येत नाही?" तिथून उठून मी हात धुतले ते थेट घरी आले. रागाने माझे कान तापले होते. साठी ओलांडलेल्या बाईला इतका राग येणं शोभत नाही असं आमच्या घरात म्हणतील. म्हणू देत. मला गाठ मारता येते. ती गाठ मी नीट मारली होती, आणि हे एकदा सगळं पहिल्यापासून लिहून ठेवल्याशिवाय मला स्वस्थता मिळायची नाही.

तेव्हा आम्ही सातपूरच्या कॉलनीत दोन खोल्यांत राहत होतो. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे, कारण कारखान्यांचे भोंगे होते. सकाळच्या भोंग्याला आप्पांचा डबा भरून तयार असे, दुपारच्या भोंग्याला आई चहाचं आधण ठेवी, आणि मग रस्त्याने सायकलींची रांग घरांकडे वळे. आप्पा, म्हणजे माझे वडील, पंधरा वर्षं नौदलात काढून परत आले होते आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. मामा त्याच कारखान्यात त्याच खात्याचे प्रमुख. आप्पांना ही नोकरी मामांच्या शब्दावर लागली होती. हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मामा आले की आप्पा खुर्चीवरून उठत आणि मामा त्याच खुर्चीत बसत, हे मी रोज पाहत होते. वयाने आप्पा दोन वर्षांनी मोठे होते. मामा त्यांना 'दाजी' म्हणत आणि शब्दाला साखर लावून स्वतःचंच खरं करून घेत.

आप्पांना पाण्याचं वेड होतं आणि नाशिकात समुद्र नव्हता. म्हणून त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत शिडाची बोट बांधायला घेतली. तीन वर्षं ती बोट बांधली जात होती. दुपारभर रंध्याचा आवाज, कानस घासल्याचा आवाज, प्लायवूडला लावायच्या रसायनाचा नाकात झोंबणारा वास. भुसा आईच्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचायचा. "उद्या भाकरीत खिळा निघेल," असं ती दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी बाजरीच्या भाकऱ्या, खरडलेला ठेचा आणि मुळ्याची कोशिंबीर घेऊन स्वतःच मागे यायची. आम्ही तिघं बोटीच्या सावलीत बसून जेवायचो. मी एकुलती एक. त्यामुळे फळी धरायला मी, खिळे द्यायला मी, रंगाचा दुसरा हात द्यायलाही मीच. आप्पांना मुलगा असता तर हे सगळं माझ्या वाट्याला आलं नसतं असं शेजारच्या बायका म्हणायच्या. मला ते कधी दुःखाचं वाटलं नाही.

गाठी मला आप्पांनी खाटेच्या पायाला शिकवल्या. त्यात एक गाठ त्यांची लाडकी होती. दोरीचा एक मोठा फेरा तयार होतो, तो आवळत नाही, सरकत नाही आणि कितीही ओढ बसली तरी सुटत नाही. ताण गेला की अंगठ्याने मागचा वळसा ढकलायचा, मगच ती मोकळी होते. ताण असताना मात्र ती कुणाच्या बापाला सोडवता येत नाही. ही गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी, कारण आमच्या नातेवाइकांपैकी एकानेही ती चाळीस-बेचाळीस वर्षांत लक्षात घेतलेली नाही. आप्पा माझ्याकडून ती गाठ डोळे मिटून मारून घ्यायचे, पाठीमागे हात नेऊन मारून घ्यायचे, दोरी बादलीत भिजवून मारून घ्यायचे. चुकलं की काही बोलायचे नाहीत, नुसती दोरी सोडून परत माझ्या हातात द्यायचे.

बोट झाली तशी ती आम्ही गंगापूर धरणावर नेली. काठावर हिरामण म्हणून एक माळी होते. वांगी, कोथिंबीर आणि झेंडू करायचे आणि त्यांच्या शेताच्या कडेला पाणी लागायचं. त्यांनी बोटीवर लक्ष ठेवायचं कबूल केलं. पण बोटीच्या पोटाखाली खोल पातं होतं, त्यामुळे ती काठाच्या चिखलाला आणता येत नसे. ती पाण्यात नांगरून ठेवायची आणि तिच्यापर्यंत जायला एक छोटी होडी, डिंगी म्हणायचो आम्ही तिला, तीही आप्पांनीच केली. दोन माणसं बसली की भरली, एवढीशी. वल्ही मारून जायचं. फिरायला निघालो की डिंगी मोठ्या बोटीच्या मागे दोरीने बांधून ओढत न्यायची, म्हणजे पलीकडच्या काठाला उतरता येतं. आणि वारा पडला, शीड लोंबायला लागलं, तर वल्ह्यांनी कुठवर ओढणार? म्हणून डिंगीच्या मागच्या फळीला अडकवायची एक लहान मोटर घ्यायचं ठरलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझं एक गुपित नव्हे, तर चांगलं उघड स्वप्न होतं. समुद्रकाठच्या एका शीडनौकांच्या शिबिराचा फॉर्म कॉलेजात आला होता. मुलींना पहिल्यांदाच घेणार होते. फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. आईचा विरोध होता, मामांचा तर होताच, आणि आप्पा हो-नाहीच्या मध्ये होते. शेवटी ते म्हणाले, "खंडेनवमीला सुट्टी आहे. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत सुकाणू तू धर. पलीकडे जाऊन बोट परत आण. आणलीस की सही." फॉर्म त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. महिनाभर तो खिशातच होता. आई कपडे धुवायला घ्यायची तेव्हा काढून ठेवायची आणि परत ठेवायची.

मोटर बघायला आम्ही देवळाली कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात गेलो. बसने गेलो, आप्पा, मी आणि मामा. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. दुकानात पत्र्याच्या पेट्या, तंबूचे खांब, गंजलेले कंदील यांच्या ढिगात दोन मोटरी होत्या. एक लहान, जुनाट, राखाडी रंगाची. एक मोठी, लाल झाकणाची, दुचाकीच्या इंजिनाएवढी. मी वही काढली. डिंगीच्या मागच्या फळीची उंची, जाडी, रुंदी मी मोजून नेली होती. लहान मोटर मी एका हाताने उचलली. तिचा दांडा फळीला बरोबर येत होता, पंखा जितका पाण्याखाली हवा तितकाच जात होता. मोठी मोटर उचलायला आप्पा आणि दुकानदार दोघं लागले आणि तिचा दांडा वीतभर लांब निघाला. मी आप्पांना म्हटलं, "ही लावली तर डिंगीचं बूड खाली बसेल. मागे माणूस बसल्यावर पाणी फळीवरून आत येईल. आणि ओढत नेताना काढून वर घ्यायची म्हटली तर मी एकटीने काढू शकणार नाही."

"बेबीचं बरोबर हाय साहेब," दुकानदार म्हणाला. "छोटी नाव को छोटी मशीन. मी माझा माल इकतोय, तरी सांगतो."

मामांनी लाल मोटरीवर थाप मारली. "दाजी, मोटर म्हणजे कशी मोटर दिसली पाहिजे. त्या राखाडीकडे बघून लोक म्हणतील, यांनी शिलाई मशीन आणलं." मग माझ्याकडे वळून, "आणि शैले, तू फिजिक्स कॉलेजात कर. इथं आम्ही यंत्रांत केस पांढरे केलेत." केस त्यांचे तेव्हा चांगले काळेभोर होते. आप्पा एकदा माझ्या वहीकडे बघत, एकदा मामांकडे. ज्या माणसाने पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनांत काढली, त्याला दोन्हींतला फरक कळत नव्हता असं मला कुणी सांगू नये. त्यांना कळत होता. तरी ते म्हणाले, "भास्कररावांचंही बरोबर आहे. जोर असलेला बरा." परतीच्या बसमध्ये लाल मोटर आमच्या पायांशी होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. माझी वही मी तेव्हाच फाडणार होते. फाडली नाही, अजून आहे. मापं बरोबर होती.

खंडेनवमी आमच्याकडे दसऱ्यापेक्षा मोठी. कारखान्यातली यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. हत्यारांनी वर्षभर राबायचं, एक दिवस त्यांनी बसायचं आणि आपण त्यांच्या पाया पडायचं. ही रीत मला आवडते, आजही मी घरातली सुरी, विळी आणि शिवणाचं मशीन त्या दिवशी बाजूला ठेवते आणि हाताने मोडता येईल तेवढीच भाजी करते. त्या वर्षी मामांनी ठरवलं की मोटरीची पूजा धरणावरच करायची. कॉलनीतली आठदहा कुटुंबं आली. हिरामण टोपलीभर झेंडू घेऊन आले. मोटर डिंगीच्या मागे अडकवली, तिचे स्क्रू मामांनी स्वतःच्या हाताने आवळले, आणि पुढ्यात पाट मांडून त्यावर पाना, हातोडी, पकड, नारळ सोलायला आणलेला कोयता अशी सगळी हत्यारं ठेवली. आईने दुधाचा नैवेद्य दाखवला. मोटरीला हातभर जाड माळ घातली. आरती झाली. इथवर सगळं छान होतं.

मग निघायची वेळ झाली. मी म्हटलं, "मोटर काढून काठावर ठेवू या. आज चालवायची नाहीच आहे, मग ओढत कशाला न्यायची?"

"पूजा झालेलं यंत्र जागेवरून हलवत नाहीत," मामा म्हणाले. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की हलवायचं."

"पण डिंगी ओढली की मोटरही हलणारच ना, मामा!"

"ती तिच्या जागेवरच राहते की. होडी हलते." सगळे हसले. मामांचा खरा हेतू सगळ्यांना दिसत होता. शिडाची बोट पुढे, मागे झेंडूची माळ घातलेली लाल मोटर, आणि काठाने कॉलनीतली माणसं बघतायत, अशी मिरवणूक त्यांना काढायची होती. फोटो नीट यावा म्हणून दोरीही आखूड ठेवायला लावली. मी आप्पांकडे पाहिलं. ते डोलकाठीची दोरी तपासत होते, जी आधीच दोनदा तपासून झाली होती. आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "दादा म्हणतोय तर राहू दे गं. सणाच्या दिवशी वाद नको." मग मी बोटीच्या मागच्या फळीतल्या लोखंडी कडीला डिंगीची दोरी बांधली. दोरी सैल सोडता यावी अशी खुंटी आप्पा बसवणार होते, ती राहून गेली होती. म्हणून कडीलाच ती खाटेच्या पायाची गाठ मारली. ओढून पाहिली. आप्पांनी येऊन ओढून पाहिली. मामांनीही पाहिली, हे मी शपथेवर सांगते.

हिरामण पाण्यात गुडघाभर उभे होते. "ताई, जाताना काय नाय वाटायचं," ते हळूच म्हणाले, "पण येताना वारं पाठीवर घ्याल. लय लांब नका जाऊ. डिंगीचा मागचा भाग बगा कसा बसलाय."

जाताना खरंच काही वाटलं नाही. बोटीत आम्ही तिघं होतो. सुकाणूवर मी, पुढे शिडाशी आप्पा आणि मागे कडीजवळ कॅमेरा घेऊन मामा. नारळ आणि कोयता त्यांनी बरोबर घेतला होता, मधोमध पाण्यात नारळ सोलून अर्पण करायचा म्हणून. शीड भरलं, बोट एका अंगावर कलली आणि माझ्या हातात सुकाणू जिवंत झालं. ते सुख मी दुसऱ्या कशाशी तोलू शकत नाही, त्यामुळे प्रयत्नही करत नाही. आप्पांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि शर्टाच्या खिशावर दोन बोटं टेकवली. मला कळलं. पलीकडच्या काठाजवळ मी बोट वळवली, एकदाही शीड न फडफडवता. सही झाल्यातच जमा होती.

परत फिरल्यावर वाऱ्याने जोर धरला. आता तो पाठीमागून होता आणि लाटाही पाठीमागून. आमची बोट लाटेवरून घसरत पुढे पळे, दोरी हिसका देई, आणि डिंगीचं जड बूड मागून येणाऱ्या लाटेपुढे तसंच बसून राही. पहिली लाट फळीवरून आत गेली तेव्हा मी ओरडले, "आप्पा, शीड उतरवा!" आप्पा उतरवायला धावले, पण तेवढ्यात दुसरी गेली, तिसरी गेली. डिंगी पाण्याने काठोकाठ भरली. नुसती झेंडूची माळ आणि लाल झाकण वर दिसत होतं. भरलेली होडी ओढायची म्हणजे बोटीला मागून कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखं झालं. आमच्या बोटीचं मागचं अंग खाली दबलं, पाणी माझ्या पायांवर आलं. मामांनी कडीतली गाठ सोडवायला दोन्ही हात घातले. ती सुटणार नव्हतीच, ताण होता ना! मग त्यांनी कोयता उचलला.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. एक घाव, दुसरा घाव. बोट उसळून पुढे गेली आणि मामा मागच्या मागे बसले. ज्या माणसाने पूजेतली मोटर हलवू दिली नाही, त्याने पूजेतला कोयता चालवला. आणि एक गोष्ट इथंच सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. दोरी कापली याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. ती कापायलाच हवी होती. कोयता माझ्या हाताशी असता तर मी आधीच कापली असती. मामांनी त्या क्षणी आम्हा तिघांचा जीव वाचवला असेल. तेवढं सांगितलं असतं तरी लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली असती. पण त्यांनी कोयता फळीखाली सरकवला आणि पुढे बघून ओरडले, "गाठ सुटली! दाजी, शैलीची गाठ सुटली!" मागे डिंगी उलटी झाली. मामांनी आवळलेले ते स्क्रू निसटले आणि मोटर माळेसकट तळाशी गेली. त्या स्क्रूंबद्दल आजवर कुणी एक अक्षर बोललेलं नाही.

हिरामण दुसऱ्या कुणाची तरी होडी घेऊन आले आणि त्यांनी आम्हाला काठावर नेलं. काठावर आई माझ्याकडे धावत आली आणि मी जिवंत आहे एवढी खात्री झाल्यावर म्हणाली, "अगं, एवढी एक गाठ धड मारता आली नाही?" ही बातमी माझ्या आधी काठाला पोचली होती. मी म्हटलं, "दोरी मामांनी कापली." मामा हसले, "घाबरलीय पोर." मी आप्पांना हाताला धरून हिरामणनी आणलेल्या होडीत बसवलं आणि परत आमच्या बोटीपाशी नेलं. कडीत माझी गाठ जशीच्या तशी होती आणि तिला हातभर दोरी लोंबत होती, टोक धारदार कापलेलं. आप्पा वाकले. त्यांनी अंगठा गाठीवरून फिरवला. मग काठावर उभ्या मामांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा ओला टॉवेल काढून त्या कडीवर टाकला आणि म्हणाले, "शैला, आता गप्प बस."

मी बसले. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही, आप्पांना तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळे आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे जमले असताना हिरामण आले. उलटलेली डिंगी त्यांना गवतात सापडली होती. तिच्या नाकाला राहिलेली दोरी त्यांनी सोडून आणली होती. त्यांनी ती सगळ्यांसमोर धरली. "दोरी कापल्याली हाय, आप्पा. सुटली असती तर पुरी आली असती ना? ताईची गाठ नाय सुटल्याली."

मामा खुर्चीत बसले होते, आप्पांच्या. "दगडाला घासली असेल," ते म्हणाले. हिरामण म्हणाले, "दगुड असा सरळ कापतो व्हय?" आप्पांनी हिरामणच्या हातातून दोरी घेतली, त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि आईला म्हणाले, "यांना चहा दे." इतकंच. एका माळ्याने जे चारचौघांत तोंडावर सांगितलं, ते माझ्या बापाला सांगता आलं नाही, कारण सोमवारी त्याला मामांच्या हाताखाली कामावर जायचं होतं. हे मला आज समजतं. समजलं म्हणजे पटलं असं नाही.

फॉर्म खिशात भिजून लगदा झाला होता. कॉलेजात दुसरा मिळत होता, मी तो आणला आणि आप्पांच्या समोर ठेवला. तो परत माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "आता सही केली तर तुझी आई आणि भास्करराव काय म्हणतील? लोक म्हणतील, मोटर बुडवली आणि पोरीला समुद्रावर पाठवली." पुढच्या उन्हाळ्यात बोट विकली. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नाशिकरोडच्या शाळेत तीस वर्षं मुलांना तरंगण्याचे आणि बुडण्याचे नियम शिकवले. सुकाणू पुन्हा हातात आलं नाही. हल्ली धरणावर फिरायला गेलं की रंगीत जाकिटं घातलेल्या मुली सपासप होड्या नेताना दिसतात. मला आनंद होतो आणि मी त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी बघत उभी राहते.

आप्पा गेले त्या वर्षी मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी तेलकट फडक्यात काहीतरी जड होतं. बोटीची ती लोखंडी कडी. बोट विकण्याआधी त्यांनी ती पाना लावून फळीतून काढली होती, माझ्या गाठीसकट, लोंबत्या दोरीसकट. इतकी वर्षं दर खंडेनवमीला ती पेटी ते स्वतः उघडायचे, हत्यारं पुसायचे, पूजेला मांडायचे. म्हणजे ती कडी ते दर वर्षी बघत होते. लोक मला म्हणतात, बघ, तुझ्या वडिलांना जाण होती, त्यांनी जपून ठेवली. मला मात्र ती बघून जास्तच राग आला. पुरावा जपून ठेवायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही कसली जाण? मला त्यांची कडी नको होती, एक वाक्य हवं होतं.

तर सहस्रचंद्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी मी ते फडकं पिशवीत घातलं आणि रिक्षा करून मामांकडे गेले. दुपारचे चार वाजले होते. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. "ये शैले. परवा न सांगता गेलीस. जेवलीस का नीट?" मी फडकं उलगडून कडी त्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

"काय गं हे?"

"आमच्या बोटीची कडी. आणि माझी गाठ. दोरीचं टोक बघा, कशाने कापलंय ते तुम्हाला माहीत आहे."

मामांनी चष्मा वर केला. टोक बघितलं. मला वाटलं आता ते म्हणतील, मला आठवत नाही, या वयात सगळ्यांना ती सोय असते. पण ते म्हणाले, "अगं, मोटर मी हट्टाने घ्यायला लावली. डिंगीवर ठेवायलाही मीच लावली. सगळी कॉलनी काठावर उभी. दाजींच्या समोर मी काय तोंड दाखवणार होतो? तू पोर होतीस. तुझं काय जात होतं?"

इतकी वर्षं मी या माणसाला द्यायची उत्तरं पाठ करत होते. मी फक्त फॉर्मचं सांगितलं. शिबिराचं, सहीचं, खिशावर टेकवलेल्या दोन बोटांचं. माझा आवाज चढला होता, आतून सूनबाई डोकावून गेली. मामा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची बोटं, जन्मभर यंत्रांत गेलेली ती जाड बोटं, आपोआप त्या गाठीशी चाळा करायला लागली. नखाने वळसा ढकलून पाहिला, दुसऱ्या बाजूने ओढून पाहिला, कडी गुडघ्यात धरून पुन्हा पाहिला. मी बोलायची थांबले तरी ते थांबले नाहीत. शेवटी त्यांनी हात सोडला आणि दमून खुर्चीला टेकले.

"सुटत नाही गं," ते म्हणाले. "फार घट्ट बसलीय."

"हो मामा," मी म्हटलं. "तेव्हाही घट्टच होती."